लग्नाला दोन आठवडे, आणि जगात लढाई

आज मी तुम्हाला लढाईची गोष्ट सांगणार आहे, पण तोफा-बंदुकांची नाही. लढाईच्या धामधुमीत मांडलेल्या एका नव्या संसाराची ही गोष्ट आहे. ती घडली आपल्यापासून फार लांब, युरोपात आणि इजिप्तमध्ये. पण ऐकताना तुम्हाला मधेच वाटेल, अगं, हे तर आपल्या गल्लीतलंच आहे.

१९३९ सालचा ऑगस्ट महिना. १८ तारखेला लंडन शहरातल्या एका नोंदणी कचेरीत लग्न लागलं. नवरी ऑलिव्हिया मॅनिंग, वय ३१. ती लेखिका होती, पण अजून फार नाव झालेलं नव्हतं. नवरा रेजी स्मिथ, वय २५. हत्यारं-अवजारं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, शिकून वर आलेला. रुमानिया नावाच्या देशात, बुखारेस्ट शहरात तो इंग्रजी शिकवायच्या नोकरीवर होता. दोघांची ओळख होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. रेजीची सुट्टी संपत आली होती, म्हणून लग्न घाईत उरकलं. मग दोघं आगगाडीत बसून निघाले, अख्खा युरोप ओलांडून. ३ सप्टेंबरला बुखारेस्टला पोचले. त्याच दिवशी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं.

विचार करा. नवरी सासरी पाय ठेवते, आणि मागे माहेरची वाट बंद होते. भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही. एकच माणूस आपला, आणि त्यालाही आपण नीट ओळखत नाही.

पुढची सहा-सात वर्षं हे जोडपं एका देशातून दुसऱ्या देशात पळत राहिलं. रुमानिया, ग्रीस, इजिप्त, पॅलेस्टाईन. जर्मन फौजा मागे आणि हे पुढे. लढाई संपल्यावर ऑलिव्हिया इंग्लंडला परतली आणि पुष्कळ वर्षांनी तिने हे सगळं गोष्टीरूपाने लिहायला घेतलं. एक नाही, सहा कादंबऱ्या. पहिली १९६० साली आली, सहावी १९८० साली. वीस वर्षं ती एकाच संसाराची गोष्ट सांगत राहिली. पहिल्या तिन्ही 'बाल्कन' भागातल्या, म्हणजे रुमानिया आणि ग्रीसच्या. पुढच्या तीन इजिप्त आणि त्याच्या आसपासच्या देशांच्या. सगळ्यांना मिळून 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर' म्हणतात, म्हणजे लढाईने दिलेलं बरं-वाईट नशीब.

गोष्टीतल्या नवऱ्या-बायकोची नावं गाय आणि हॅरिएट प्रिंगल. हसू नका, तिकडे गाय हे पुरुषाचं नाव असतं! हा गाय बराचसा रेजीवरून घेतलेला, आणि हॅरिएट बरीचशी स्वतः लेखिका.

आधी थोडा इतिहास सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रुमानिया हा काळ्या समुद्राच्या काठचा देश. दोन गोष्टींनी श्रीमंत: जमिनीवर गहू-मका आणि जमिनीखाली खनिज तेल. लढाईला रणगाडे लागतात, रणगाड्यांना तेल लागतं. जर्मनीचा डोळा त्या तेलावर होता. रुमानियाचा राजा कॅरोल आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही म्हणत दोन्हीकडे हसून बोलत होता. शेजारच्या पोलंडवर जर्मनीने हल्ला केला तसे तिथले लोक गाड्या भरभरून बुखारेस्टला आले. २१ सप्टेंबर १९३९ ला रुमानियाच्या पंतप्रधानाचाच भर रस्त्यात खून झाला. खून करणारे 'आयर्न गार्ड' नावाच्या टोळीचे होते. ही माणसं हिरवे सदरे घालायची आणि ज्यू लोकांचा द्वेष करायची. पुढे त्यांचंच राज्य येणार होतं.

तरी शहरात हॉटेलं गच्च भरलेली, मिठाईची दुकानं सजलेली. लढाई अशीच येते, मैत्रिणींनो. एका दिवसात येत नाही. आधी किमती वाढतात. मग ओळखीचं एखादं घर रिकामं होतं. कादंबरीत एक दुकानाची काच आहे. जर्मनांच्या प्रचार कचेरीच्या त्या काचेमागे नकाशा लावलेला. फौजा जसजशा पुढे सरकतात तसतसे त्यावरचे बाण पुढे सरकतात. लोक येता-जाता थांबतात, बघतात आणि काही न बोलता पुढे जातात. वर्तमानपत्र न वाचणाऱ्यालाही त्या काचेवरून कळायचं की आपलं काय होणार आहे.

आता संसाराकडे येऊ.

गाय कसा माणूस होता? एकदम चांगला. दारू पिऊन मारणारा नव्हे, बाहेरख्याली नव्हे, कंजूष नव्हे. उलट इतका दिलदार की कुणाला नाही म्हणायचं त्याला माहीतच नाही. विद्यार्थी आला, ये बस. कुणाला पैसे हवेत, घे. कुणाला राहायला जागा नाही, आमच्याकडे राहा. याकिमोव्ह नावाचा एक कफल्लक सरदार आहे, अंगात जुना भारी कोट आणि खिशात दमडी नाही. गाय त्याला घरी आणून ठेवतो. बायकोला विचारलं का? नाही. जगातल्या प्रत्येक माणसासाठी गायकडे वेळ आहे. फक्त एका माणसासाठी नाही.

कारण त्याच्या मते बायको म्हणजे आपणच. स्वतःच्या हाताला कुणी 'कसा आहेस' विचारतं का?

आमच्या गटात मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा एक ताई पटकन म्हणाल्या, "आमचे मालक असेच. दुसऱ्याच्या लग्नात पंगत वाढायला पहिले, घरच्या दुखण्याला शेवटचे." सगळ्या हसल्या. मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.

या दुखण्याची तक्रार करायची तरी कुठे? नवरा वाईट असला तर लोक बायकोची कीव करतात. नवरा गावाचा लाडका असला तर लोक म्हणतात, नशीबवान आहेस बाई. आणि हॅरिएटला तर वर आणखी एक ओझं. बाहेर माणसं मरताहेत, देश बुडताहेत. अशा वेळी 'माझा नवरा माझ्याशी बोलत नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? पण मोठं दुःख आलं म्हणून लहान दुःख घराबाहेर जात नाही. दोन्ही एकाच चुलीशी बसतात.

एक प्रसंग सांगते. १९४० च्या उन्हाळ्यात गाय एक नाटक बसवतो, शेक्सपिअरचं. गावातले सगळे इंग्रज त्यात घेतो, अगदी त्या कफल्लक सरदारालाही. नायिकेचं काम आधी हॅरिएटला देतो. मग तालमीत म्हणतो, नवरा-बायकोने एकत्र काम केलं की नीट जमत नाही. तिला काढतो आणि ते काम दुसऱ्या बाईला देतो. ती दुसरी बाई कोण? आधी गायशी लग्न करायची इच्छा धरून बसलेली! हॅरिएट प्रेक्षकांत बसते. नाटक फार रंगतं, टाळ्यांचा कडकडाट होतो. बाहेर येऊन सगळे बघतात तर बातमी आलेली असते, पॅरिस पडलं. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या तो दिवस १४ जून १९४०. ज्याच्या भरवशावर हे सगळे इंग्रज परदेशात निर्धास्त होते तो फ्रान्स संपला. इकडे हॅरिएटला त्याच दिवसांत दुसरंही कळून चुकलेलं असतं, की आपल्या नवऱ्याच्या आयुष्यात आपली जागा प्रेक्षकांत आहे.

फ्रान्स पडल्यावर रुमानियाचे दिवस भराभर फिरले. जूनच्या शेवटी रशियाने धमकी देऊन एका बाजूचा मुलूख घेतला. ३० ऑगस्टला जर्मनी आणि इटलीने मध्यस्थी करून ट्रान्सिल्व्हानिया प्रांताचा मोठा भाग हंगेरीला देऊन टाकला. दक्षिणेचा एक तुकडा बल्गेरियाला गेला. लोक रस्त्यावर आले. ६ सप्टेंबरला राजा कॅरोलने गादी सोडली आणि सेनापती अँटोनेस्कूच्या हाती सत्ता गेली, सोबतीला तीच आयर्न गार्ड. ऑक्टोबरमध्ये जर्मन फौजा देशात आल्या.

कादंबरीत या काळात गाय आणि हॅरिएट एका ज्यू पोराला घरात लपवून ठेवतात. साशा त्याचं नाव. त्याचा बाप मोठा पेढीवाला, त्याला सरकारने तुरुंगात टाकलेलं. पोरगा सैन्यातून पळालेला. तिथे ज्यू म्हणून त्याचा छळ व्हायचा. ही लपवाछपवी हॅरिएटला पेलावी लागते. कारण परोपकाराचा निर्णय गाय घेणार, पण दार कोण ठोठावतंय याकडे कान लावून घरात बसणारी ती. खऱ्या बुखारेस्टमध्ये पुढे जानेवारी १९४१ मध्ये आयर्न गार्डने दंगल केली आणि शंभराहून जास्त ज्यू लोकांना मारलं. म्हणजे साशाची भीती ही लेखिकेच्या मनातली नव्हती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू. हॅरिएटवर संकटं आली, पण तिच्याकडे इंग्लंडचं पारपत्र होतं. ती निघू शकत होती. साशाकडे काही नव्हतं. गायवर डोळा ठेवणाऱ्या त्या बाईलाही नवऱ्यापेक्षा नवऱ्याचं पारपत्र हवं होतं, कारण तीही अर्धी ज्यू होती. हॅरिएट तिच्यावर जळते, वाचताना आपल्यालाही ती आवडत नाही. पण जिवावर बेतलेलं असताना बाई लग्नाकडे तराफ्यासारखी बघणार नाही तर काय करणार? लेखिका तसं बोलून दाखवत नाही. आपण मात्र बोलायला हवं.

ऑक्टोबर १९४० मध्ये ऑलिव्हिया एकटी विमानाने ग्रीसची राजधानी अथेन्सला गेली. रेजी नंतर आला. तो आठवडा तिने कसा काढला असेल ते कादंबरी वाचून कळतं. नवरा जिवंत आहे की नाही, हे विचारायला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे. २८ ऑक्टोबरला इटलीने ग्रीसवर हल्ला केला. छोट्याशा ग्रीसने इटलीला मागे रेटलं. लोकांनी तो हिवाळा उपाशी पण ताठ मानेने काढला. मग ६ एप्रिल १९४१ ला जर्मनी उतरली आणि तीन आठवड्यांत, २७ एप्रिलला, अथेन्स पडलं. त्याच्या काही दिवस आधी ऑलिव्हिया आणि रेजी एका गर्दीने भरलेल्या जहाजात बसून इजिप्तकडे निघाले. मागे राहिलेल्या ग्रीक लोकांचे पुढच्या हिवाळ्यात अन्नावाचून हजारोंनी जीव गेले. जहाजात जागा मिळणारे आणि न मिळणारे, लढाई माणसांच्या अशाच दोन रांगा करते.

अथेन्समध्ये हॅरिएटला एक तरुण अधिकारी भेटतो. तो तिच्याशी बोलतो, तिचं ऐकतो, तिला फिरायला नेतो. तिचं मन ओढलं जातं. लेखिकेने हे लपवलं नाही आणि त्याचं समर्थनही केलं नाही. ऐकून घेणारा माणूस भेटला की उपाशी मन तिकडे वळतं, एवढंच तिने दाखवलं.

आता इजिप्त. राजधानी कैरो. १९४२ चा जून. वाळवंटातून जर्मन सेनापती रोमेल पुढे सरकत होता. २१ जूनला तोब्रुक हे समुद्रकाठचं ठाणं पडलं. कैरोतल्या इंग्रज कचेऱ्यांत कागदपत्रं जाळायला सुरुवात झाली, आकाशात काळ्या कागदांचे कपटे उडू लागले.

मैत्रिणींनो, तोब्रुक हे नाव आपणही लक्षात ठेवायला हवं. तिथे पकडल्या गेलेल्या फौजेत आपल्या मराठा पलटणीची एक तुकडीही होती, दुसरी बटालियन. त्याआधी १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरातही मराठे लढले होते. आणि पुढे इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि कामी आले. ते आताच्या रायगड जिल्ह्यातले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं २२.

हॅरिएट कैरोच्या गच्चीवरून धुराकडे बघत होती, तेव्हा सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत बाया पोस्टमनची वाट बघत होत्या. त्यांचीही लग्नं कोवळी होती. नवरा रजेवर येऊन परत गेलेला. पत्र आलं तर वाचायला दुसऱ्याकडे जायचं, म्हणजे नवऱ्याने मनातलं लिहिलं तरी ते आधी मास्तरला कळणार. तोब्रुक म्हणजे काय, इटली कुठे, कुणी सांगितलेलं नाही. मनीऑर्डर आली म्हणजे तो जिवंत, एवढाच हिशेब. हॅरिएटला लिहिता येत होतं, म्हणून सहा पुस्तकं झाली. आपल्या आज्यांच्या मनातलं त्यांच्याबरोबर गेलं.

गोष्टीचा शेवट सांगते. हॅरिएट कैरोत आजारी पडते, आवेने पार खंगून जाते. गाय म्हणतो, तू इंग्लंडला जा, बायका-मुलांचं जहाज निघतंय. काळजीने म्हणतो, पण त्यात मोकळं होण्याची घाईही असते. तिला ते कळतं. ती बंदरापर्यंत जाते. समोर जहाज उभं. आणि शेवटच्या क्षणी ती चढत नाही. लष्कराचा ट्रक घेऊन दमास्कसला निघालेल्या दोघी बाया तिला भेटतात. त्यांच्याबरोबर ती निघून जाते. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने स्वतःच्या पायाने दिशा ठरवलेली असते.

इकडे ते जहाज समुद्रात पाणतीराने बुडतं. जवळजवळ सगळी माणसं जातात. गाय समजतो, हॅरिएट गेली. आणि हॅरिएटला काहीच माहीत नाही. ती सीरियात, लेबनॉनमध्ये, जेरुसलेममध्ये फिरते आहे, हातात पैसे नाहीत, अंगात ताकद नाही, पण हळूहळू स्वतःला सावरते आहे. तिकडे गायला पहिल्यांदा घर रिकामं लागतं. शेवटी तिला जहाजाची बातमी कळते आणि ती कैरोला परत येते. तिला बघून गाय सगळ्यांदेखत रडतो.

आपल्याला वाटतं, आता हा सुधारला. सिनेमा असता तर सुधारला असता. पण लेखिका खोटं बोलत नाही. थोड्याच दिवसांत गाय पुन्हा मित्रांत, भाषणांत, कामांत. फरक गायमध्ये पडत नाही, हॅरिएटमध्ये पडतो. तिला कळतं की हा असा आहे आणि असाच राहणार. याच्याबरोबर राहायचं तर ते समजून राहायचं, आणि आपलं आयुष्य आपण भरायचं. आता ती राहते, पण जाता येत नाही म्हणून नव्हे. जाऊन आल्यावर, स्वतः ठरवून राहते.

खऱ्या ऑलिव्हियाचंही थोडं सांगायला हवं. लढाईच्या काळात रेजी जेरुसलेमच्या रेडिओ केंद्रावर मोठ्या हुद्द्यावर होता. आपल्यासारखाच रेडिओवाला! तिथे १९४४ मध्ये तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. आणि ते गेलेलं बाळ तिला पुढे कित्येक आठवडे तसंच वागवावं लागलं. नंतर तिला मूल झालं नाही. हे दुःख तिने हॅरिएटच्या गोष्टीत घातलं नाही. सहा पुस्तकं लिहिणाऱ्या बाईकडेही एखादी गोष्ट अशी असते की जी लिहवत नाही.

आणि रेजी? त्याची बाजूही ऐकायला हवी. तो तिच्या लिखाणाचा पाठीराखा होता, तिची पानं वाचायचा. आपण त्यात कसे दिसतो हे त्याला दिसत नसेल असं नाही. त्याने लिहिणं थांबवलं नाही. दोघांचा संसार जवळजवळ ४१ वर्षं टिकला, जुलै १९८० मध्ये ती गेली तोवर. शेवटचं पुस्तक तिच्यामागून छापून आलं. १९८७ साली बीबीसीने त्यावर मालिका केली, तेव्हा कुठे ही गोष्ट घराघरात पोचली. आपल्याला म्हणावी तशी दाद मिळाली नाही, ही तिची खंत होती. ती दाद बघायला ती नव्हती.

शाळेच्या पुस्तकात त्या लढाईच्या तारखा असतात. कोण जिंकलं, कुठली हद्द कुठे सरकली. ते हवंच, मीही आज तारखा सांगितल्या. पण त्या तारखांना घरात काय चाललं होतं, कोण कुणाची वाट बघत होतं, कोण कुणाशी बोलत नव्हतं, हाही इतिहासच आहे. आणि तो पुरुषांनी सहसा लिहिला नाही, कारण ते तेव्हा घरात नव्हते.

म्हणून या महिन्याच्या बैठकीला एक काम देते. तुमच्या गावात सैन्यात गेलेल्याची, मुंबईला गिरणीत किंवा आखातात कामाला गेलेल्याची म्हातारी बायको असेल. तिच्याजवळ बसा. तो कधी गेला, कधी आला, हे विचाराच. पण त्याआधी विचारा, "आजी, तेव्हा तुम्ही काय करत होता?" कदाचित तिला हे आजवर कुणी विचारलेलंच नसेल. ती जे सांगेल ते कुणीतरी वहीत लिहून घ्या. तारीख घालायला विसरू नका.